पॉजमामा

मामांच्या टीव्हीच्या रिमोटवरचे सगळे आकडे शाबूत आहेत, पुसलं गेलंय ते फक्त पॉजचं बटण. मामा गेले तेव्हा मामींनी तो रिमोट माझ्याच हातात ठेवला. दहा मिनिटांचा शिकवणीचा व्हिडिओ त्यांच्याकडे पाऊण तास चालायचा. पडद्यावरच्या मास्तरीणबाई तोंड उघडून थिजलेल्या आणि मामा आमच्याकडे वळून म्हणायचे, "थांब गो. आता तुला काय समजला, ता सांग." म्हणूनच कंपनीत त्यांचं नाव पडलं पॉजमामा.

मामा कुळगावचे आगरी. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत जुने ऑपरेटर, आणि मी तिथे पॅकिंगला. मामांचं शिक्षण दहावी, पण फोनवरचे फुकटचे कोर्स करायचं भारी वेड. रविवारी सकाळी ते टीव्हीवर लावायचे आणि कंपनीतले आम्ही पाच-सहाजण त्यांच्या घरी जमायचो. मी बेलवलीहून जायचे. मामींच्या तांदळाच्या भाकरीसाठी मी कितीही कोर्स केले असते, खोटं कशाला बोलू!

मामांच्या मते कोर्स दोन तऱ्हेचे. एकात शिकवणारा बोलतो, आपण ऐकतो, शेवटी टिकमार्कची परीक्षा आणि सर्टिफिकेट. "ही कँटीनची थाली. वारतील ता गपचूप खायाचा." दुसऱ्यात मास्तर जवळजवळ नसतोच. दर आठवड्याला एक प्रश्न येतो आणि जगभरचे लोक आपापल्या कारखान्यातलं लिहितात, एकमेकांना विचारतात. परीक्षा नाही, कागद नाही. "ही अंगतपंगत. ज्याच्या डब्यान जा हाय, ता सगल्यांचा."

मामा दोन्हीकडे जेवायचे, पण जीव अंगतपंगतीत. फोनमध्ये मराठीत बोलायचे, फोन त्याचं इंग्रजी करायचा. ब्राझीलच्या रंगाच्या कारखान्यातल्या एका बाईने त्यांना विचारलं होतं, गळती वासावरून कशी ओळखता? मामा तीन दिवस तिला उत्तर सांगत होते. मग ती "माझी ब्राझीलची भाची" झाली. मी तोंडावर म्हणायचे, "मामा, ही भाची तुमचा पगार वाढवणार आहे का? कागद पाहिजे, कागद!" ते नुसते हसायचे आणि माझ्या डब्यातली चटणी उचलायचे.

मग कंपनीत सेफ्टी सुपरवायझरची जागा निघाली. ते काम मामा वर्षानुवर्षं करतच होते, फक्त खुर्ची नव्हती. साहेबांनी नोटीस लावली: एका ठरावीक ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट चार आठवड्यांत आणा. मामांनी नाव दिलं, मीही दिलं.

मामांनी तो कोर्सही रविवारच्या बैठकीत लावला. पॉज, "थांब गो", पुन्हा पॉज. मुदत संपली तेव्हा बैठक अजून निम्म्यावरच होती. एकटे बसले असते तर मामांनी तो आरामात संपवला असता, पण आम्हाला मागे टाकून पुढे जायचं त्यांच्या मनातच आलं नाही. मी मेली घाईची! घरी भाजी चिरताना तेच व्हिडिओ आवाज बंद करून डबल स्पीडने पळवले. व्हॉट्सॲप ग्रुपवर परीक्षेची उत्तरं फिरत होती, ती जशीच्या तशी टिक केली. कागद मला मिळाला, जागाही मलाच मिळाली. मामांनी माझा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "मॅडम झालीस गो!" मला त्यांच्याकडे बघवेना.

दीड महिन्याने गोडाऊनमध्ये सल्फ्युरिक ॲसिडचा कॅन फुटला. ॲसिड फरशीवर पसरलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ग्रुपवरचं उत्तर मला पाठ होतं: लगेच भरपूर पाणी ओता. मी पाण्याचा पाइप उचलला.

"थांब गो!" मागून मामांचा आवाज आला. खरं सांगते, माझा हात डोक्याने नाही, सवयीने थांबला. मामांनी माणसं मागे सारली आणि त्या घाईतही मला विचारलं, "पानी टाकला तर काय होल?"

उत्तर मला येत होतं. कितीतरी रविवार आधी त्यांच्या टीव्हीसमोर मीच दिलं होतं. "उकळून अंगावर उडेल."

"मंग?"

"वाळू. कोरडी वाळू आणा!"

वाळूच्या बादल्या आल्या. कुणालाही साधा ओरखडा आला नाही. नंतर कळलं, ग्रुपवरून उत्तरं उचललेल्या आम्हा सगळ्यांचं तेच एक उत्तर चुकलं होतं. अक्कल अशी सामुदायिक गहाण पडली होती!

त्याच वर्षी मामा रिटायर झाले. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. चार गोड शब्द बोलायचे म्हणून मी माइक घेतला आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. उत्तरं मी उचलली होती, ही खुर्ची मामांची होती, साहेब, मला काढायचं तर काढा. साहेबांनी मामांकडे बघितलं.

मामा सावकाश उठले. माझ्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. म्हणाले, "साहेब, पाइप हिच्या हातान होता, नळ समोर होता, सगले वरडत होते. तरी थांबली." मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"थांबलीस ना गो? मंग तू पास."