आठ आठवड्यांची आजी

गेझिना पोप्पिंगा आयुष्यात एकदाच खोटं बोलली, पण असं बोलली की पुढची सात वर्षं तिला कुणी आई म्हटलं नाही. आमच्या बांधाकाठच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्या खोट्यात सगळं गाव सामील होतं. नंतर मात्र सगळे शहाणे झाले आणि म्हणू लागले की आम्ही असतो तर असं केलं नसतं.

तिचा नवरा ताम्मो समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दरवाजांवर नोकरीला होता. भरती आली की बंद, ओहोटी लागली की उघडे, चाळीस वर्षं हेच. मुलगा हाब्बो नोकरीसाठी पोर्तुगालात, पोर्तोला गेला आणि तिथल्या मारिझाशी त्याचं लग्न ठरलं. लग्न शनिवारी होतं. आधीच्या रविवारी ताम्मोचं हृदय ढेपाळलं. बुधवारी तो बायकोला म्हणाला, "पोराला एक शब्द कळता कामा नये. तू जा, नाच, केक खा. सोमवारी सांग." गुरुवारी सकाळी तो गेला, आणि गावातल्या एकानेही पोर्तोला कळवलं नाही.

दुसरी कुणी असती तर तिने मेलेल्या माणसाचा हट्ट बाजूला ठेवून फोन उचलला असता. पण आमच्याकडची माणसं दिल्या शब्दाला जागतात, नको तिथेही जागतात. गेझिनाने निळा झगा बॅगेत भरला, ताम्मोचा फोन पर्समध्ये टाकला आणि विमानात बसली. बाबांना ताप भरलाय, प्रवास झेपणार नाही, असं तिने तिथे सांगितलं. संध्याकाळी हाब्बोने तिला नाचायला उठवलं. त्याआधी त्याने बापाच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला, "बाबा, लवकर बरे व्हा. तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय." तो निरोप तिच्या काखेतल्या पर्समध्ये थरथरला आणि ती नाचली.

सोमवारी तिने सांगितलं. हाब्बोने एवढंच विचारलं, "बाबा पेटीत होते, आणि तू माझ्याबरोबर नाचलीस?"

मातीला तो आला. चहाला मात्र थांबला नाही. आमच्याकडे पुरून आल्यावर सगळे चहाला बसतात, आणि चहा म्हणजे तीन कप. त्याआधी उठणं म्हणजे घरधनिणीच्या तोंडावर मारणं. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. तो ठेवेपर्यंत ती ओततच राहते. हाब्बोने कपाला हातही लावला नाही. गेझिना त्याच्या मागे मोटारीपर्यंत गेली. "माझ्यापुरते तुम्ही दोघंही एकाच दिवशी गेलात," तो म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं. मी त्याला दोष देत नाही. तिलाही देत नाही. दोघांचं बरोबर असलं की तिथे कुणाचंच काही चालत नाही.

पुढे पत्रं न फोडता परत आली. वर्षभराने मारिझाने एक फोटो पाठवला, त्यावर पत्ता नव्हता. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि मागे एकच शब्द, ताम्मो. गेझिनाने तो फोटो साखरेच्या डब्यामागे ठेवला, म्हणजे दिवसातून तीनदा आपोआप दिसायचा.

लेअर गावच्या गाण्याच्या मंडळात तिची हिल्केशी गाठ पडली. हिल्के बोर्कुम बेटावरची विधवा, हाब्बोने नातं तोडल्यानंतर इकडे राहायला आलेली, म्हणून त्याला अनोळखी, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनेच एक दिवस ब्रेमेनच्या टीडेमान बाईंचं पत्रक आणलं. या बाई परदेशातल्या घरांना आजी पुरवतात. दोन-तीन महिने त्या घरात राहायचं, मुलं सांभाळायची, आपली भाषा त्यांच्याशी बोलायची. खोली, जेवण आणि वरखर्च त्या घराचा.

"घरात भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा लोकांच्या पोरांशी बोल," हिल्के म्हणाली.

"अडुसष्टाव्या वर्षी मोलकरीण होऊ?"

"मोलकरीण कशी? आजी. उसनी."

दोघींनी नावं नोंदवली. मला विचाराल तर गेझिनाला दुसऱ्याच्या पोरांची हौस नव्हती. आपलं नाव कुठल्या तरी यादीत आजी म्हणून लिहिलं जावं, एवढ्यासाठी तिने सही केली.

फेब्रुवारीत टीडेमान बाईंकडून एका कुटुंबाचं पत्र आलं. दोन्हीकडून होकार येईपर्यंत आडनाव-पत्ता द्यायचा नाही, अशी बाईंची पद्धत. पत्रात लिहिलं होतं: आम्ही पोर्तोत राहतो. आईला तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आठ आठवडे पडून राहायला सांगितलं आहे. मुलगा ताम्मो, सहा वर्षांचा. मुलगी इनेस, तीन वर्षांची. वडील तुमच्या किनाऱ्याचे आहेत. मुलांच्या कानावर तिथली प्लाट बोली पडावी अशी इच्छा आहे, म्हणून ती बोलणारीच आजी हवी. घरचे नियम असे. पहिला, वाईट बातमी मुलांपासून लपवायची नाही, ज्या दिवशीची त्या दिवशी सांगायची. दुसरा, जेवताना फोन नाही. तिसरा, झाडावर चढू द्यायचं. आणि अगदी तळाशी: वडिलांकडचे आजी-आजोबा हयात नाहीत.

गेझिनाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. स्वतःच्या मरणाची बातमी माणसाला सहसा वाचायला मिळत नाही. तिला मिळाली, तीही घरकामाच्या नियमांखाली.

टीडेमान बाईंचा फोन आला. "प्लाट बोलणाऱ्या माझ्याकडे दोघीच. तुम्ही आणि हिल्केबाई. तुमचं नाव पुढे करू?"

तिने करू दिलं असतं तर नाव वाचताक्षणी पोर्तोचं दार बंद झालं असतं, आणि अंथरुणावरची सून व दोन मुलं आजीवाचून राहिली असती. "हिल्केला पाठवा," गेझिना म्हणाली. "मुलांना तिचा लळा लवकर लागतो."

मग तिने हिल्केला सगळं सांगितलं. हिल्के उसळली. "मी जाते आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कानाखाली आवाज काढते. जिवंत बाईला मारतोस म्हणजे काय?"

"तू काहीही बोलायचं नाहीस. शपथ घे."

"ही शपथ कुणासाठी?"

"मुलांना कुणीतरी हवंय, हिल्के. तू बोललीस तर तुला परत पाठवेल."

हिल्केने शपथ घेतली, पण तोंड वाकडं करून.

मुलाखत पडद्यावरून व्हायची होती, हिल्केच्या स्वयंपाकघरात, दुपारी चार वाजता. हिल्केने संगणक टेबलावर मांडला, आपण भांड्यांच्या काचेच्या कपाटाला पाठ करून बसली, आणि गेझिनाला समोर, पडद्याच्या पाठीमागे बसवलं. "खाटकाच्या दुकानासमोर मांजर बसतं तशी बस. आवाज काढायचा नाही. काही सुचलं तर लिही."

"नमस्कार, हिल्केबाई," हाब्बोचा आवाज आला. सात वर्षांत तो जाड झाला होता, थेट बापासारखा. गेझिनाने टेबलाची कड धरली.

पोरं मध्ये घुसली. "माझा दात पडला. तू कुठे झोपणार? तुला झाडावर चढता येतं?" हा ताम्मो. नातवाचं पहिलं बोलणं ती ऐकत होती आणि त्याचं तोंड मात्र हिल्केला दिसत होतं.

"चढता येतं," हिल्के म्हणाली. "उतरता येत नाही. तू उतरवशील?"

"इनेस काही खात नाही," हाब्बो म्हणाला. "काय कराल?"

गेझिनाने भराभरा लिहिलं आणि कागद फिरवला. हिल्केने वाचलं, "रव्याची खीर. दालचिनी नाही, वरून चेरीचा रस, आणि मध्ये खळगा करून तळं करायचं. होडी म्हणून पावाचा तुकडा."

लहानपणी हाब्बोला ती अशीच लागायची. मग हाब्बो सावकाश म्हणाला, "पहिला नियम वाचलात ना? त्यात सवलत नाही. तुम्हाला खोटं बोलता येतं का, हिल्केबाई?"

"मला? माझं खोटं दारात येईपर्यंत खरं खिडकीतून पळून जातं."

तो हसला. गेझिनाने डोळे मिटून ते हसणं ऐकून घेतलं. आणि इथेच हिल्केची जीभ सुटली. "मुलांची आजी नाही म्हणता. कधी गेली बिचारी?"

गेझिनाने मान खाली घातली. "माझे आई-वडील एकाच दिवशी गेले," हाब्बो म्हणाला. शब्द अगदी स्वच्छ होते, कुणी बहिऱ्याला सांगावं तसे. "मुलांना तसंच सांगितलंय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते त्या दुपारी गेझिनाला कळलं. मग तो म्हणाला, "दोन मार्चला या. आणि येताना चहा आणा. इथला म्हणजे फडकं पिळलेलं पाणी."

चहा गेझिनाने घेतला, खडीसाखरही तिनेच घेतली. नातवंडांसाठी विणलेले दोन स्वेटर तिने हिल्केच्या बॅगेत ठेवले आणि स्टेशनावर पुन्हा काढून घेतले. गळ्याची वीण तिची होती, हाब्बोने लहानपणी त्याच विणीचे स्वेटर घातले होते, त्याने ओळखली असती.

आठ आठवडे हिल्के दर रविवारी फोन करायची. इनेस खीर खाते. ताम्मो प्लाटमध्ये शिव्या शिकला, चूक माझी. मारिझा बरी आहे, मुलगा झाला, दोघं सुखरूप. गेझिना ऐकायची आणि "बरं" म्हणायची. फोन ठेवल्यावर एकेक वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणायची, विसरायला नको म्हणून. मे लागताच हिल्के परत आली आणि स्टेशनावरून थेट गेझिनाकडे गेली.

गेझिनाने चहा ओतला. पहिल्या कपाला हिल्के मुलांबद्दल बोलली. दुसऱ्या कपाला बोलायची थांबली, आणि हिल्के थांबली म्हणजे काहीतरी झालेलं असतं.

"मी शपथ मोडली," ती म्हणाली. "पाचव्या आठवड्यात. मारिझा झोपली होती, पोरं बागेत होती, आम्ही दोघं चहाला बसलो होतो. म्हटलं, तुझा पहिला नियम मी रोज मोडतेय. आणि तूही मोडतोयस, पोरांना जिवंत बाई मेली म्हणून सांगतोस."

"मग?"

"त्याला माहीत होतं गं. माझ्या कपाटाच्या काचेत दिसत होतीस तू. पहिल्या पाच मिनिटांतच दिसलीस."

गेझिनाला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे ते स्वच्छ शब्द हिल्केसाठी नव्हतेच. तिच्या तोंडाकडे बघून तो बोलला होता, आणि ती मान खाली घालून ऐकत बसली होती.

"काय म्हणाला माझ्याबद्दल?"

"म्हातारी झालीये, म्हणाला."

"अजून?"

"निळा झगा अजून आहे का, विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत."

झगा होता. कपाटात सगळ्यात मागे होता, धुतलेलाही नव्हता. गेझिनाने ते सांगितलं नाही. "मग त्याने तुला ठेवलं कसं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, पोरांना खीर तरी मिळू दे." हिल्केने नाक पुसलं. "मग मी म्हटलं, आता घरी गेल्यावर तिला काय सांगू? तो बोलला नाही. चमचा उचलला आणि कपात ठेवला."

आमच्याकडे याहून जास्त कुणी बोलत नाही. चमचा कपात म्हणजे पुरे, आता ओतू नका. गेझिना खिडकीबाहेर बांधाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कितव्या कपाला?"

हिल्केचा हात साखरेच्या डब्याकडे गेला. साखर तिला नको होती. जिच्या तोंडून वाक्यावर वाक्य सांडतं, तिला एक आकडा सापडायला वेळ लागला. "दुसऱ्या," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

हिल्केला खोटं बोलता येत नव्हतं, हे तिने पोर्तोला खरंच सांगितलं होतं. दोनच कप झाले असते तर एक देणं राहिलं असतं, पण तीन झाले होते. त्याने रीतीप्रमाणे तीन घेतले होते आणि मग चमचा ठेवला होता, हे गेझिनाला तिच्या कानांवरून दिसत होतं. लग्नाच्या हॉलमध्ये "बाबांना ताप आहे" म्हणताना आपलेही कान असेच झाले असणार, तिच्या मनात आलं, आणि पोराने आईवर विश्वास ठेवून तिकडे बघितलंच नसणार. मायेने सांगितलेलं खोटं ऐकणाऱ्याला किती एकटं करतं, ते सात वर्षांनी तिला समजलं. आता ते सांगायला जाण्याजोगं दारही उरलं नव्हतं.

"मग एक कप राहिलाय म्हणायचा," गेझिना म्हणाली.

"राहिलाय की," हिल्के म्हणाली, आणि रडायला लागली.

गेझिनाने तिच्या कपात तिसरा चहा ओतला, मग स्वतःच्या कपात. मुलाला जे मायेचं खोटं गिळता आलं नव्हतं ते तिने त्या चहाबरोबर गिळलं, शेवटच्या घोटापर्यंत, आणि चमचा बशीतच राहू दिला.