मावशी हळदीला नाचली तेव्हा

ओल्या हळदीचा वास आला की मला कोलशेतचा खाडीजवळचा तो मांडव आठवतो. मावशीच्या मूत्रपिंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर पुन्हा उलटला होता, म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली होती. "या पेशींना सारखा खोटा इशारा मिळतो की ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणून त्या नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतात. ही गोळी तो इशाराच बंद पाडते," असं त्यांनी समजावलं होतं. गोळीने मावशीचं रक्त कमी व्हायचं, कधी ऑक्सिजनही उतरायचा, दम लागायचा, त्यामुळे बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी कायम जवळ ठेवायचो. तिच्या लेकीच्या हळदीच्या आदल्या दिवशी स्कॅन झाला आणि गाठी बऱ्याच आटलेल्या दिसल्या. मावशीने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मग उद्या पोरीच्या हळदीला नाचू ना?" ते हसून म्हणाले, "नाचा, पण दम लागला की बसायचं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेंजो सुरू झाला आणि पिवळीधमक मावशी मांडवाच्या मधोमध उतरली. मी यंत्र घेऊन तिच्या मागेमागे फिरत होतो. तिने नाचता नाचताच बोट पुढे केलं. "बघ रे, किती आहे? चांगला आहे ना आकडा? मग ठेव ते खिशात आणि नाच." मी नाचलो. किती वाईट नाचलो, हे मावशी आजही घरी येईल त्याला करून दाखवते.