फिल्टरचा स्पंज
ओल्या स्पंजचा कुबट वास आला की मला विरारच्या फ्लॅटमधला आमचा फिशटँक आठवतो. पाणी कितीदा बदललं तरी तपासायच्या नळीत ते घेऊन औषधाचे थेंब टाकले की हिरवंगार व्हायचं, म्हणजे माशांना विषारी असलेला अमोनिया वाढलेलाच. मासे वर येऊन तोंडं उघडत राहायचे, मग आई टँकरचं पाणी येणाऱ्या नळाखाली फिल्टरचा स्पंज खसाखसा घासायची. शेवटी मी आणि बाबा मासे घेतले त्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार बाबांना म्हणाला, “स्पंज असा धुवायचा नसतो हो, पाणी साफ करणारे जंतू त्यातच असतात.” घरी आलो तर शेवटचा मासा तरंगत होता आणि आई म्हणाली, “माझंच घासणं कमी पडलं.” बाबांनी दुकानदाराचं म्हणणं तिला सांगितलं नाही. परवा ती नातवाला म्हणाली, “मासे आणू, या वेळी स्पंज मी रोज घासेन.” मीही तिला ते सांगितलं नाही.