वॉल्व्हला मारलेलं बूच

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. तुमच्यापाशी बोलतेय, आणि तरी जिभेवर आधी माझ्या कामाचंच कौतुक येतंय. येऊ दे. ते खोटं नाही.

श्रीगोंद्यात गिझर बिघडला की लोक माझं नाव घेतात. ‘गिझरवाल्या ताई’ म्हणतात. आयटीआयच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आज तालुक्यातून फोन येतात. मला अभिमान आहे — तो कशाला लपवू? आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की दोन हिवाळ्यांत कॉइलवर खडूसारखा थर चढतो. पाणी तापेना झालं की लोक म्हणतात, गिझर म्हातारा झाला. म्हातारा कसला? आतून कुणी धुतलाच नाही, एवढंच. मी टाकी उघडते, क्षार खरवडते, अर्थिंग तपासते, थर्मोस्टॅट पाणी तापल्यावर खरंच बंद होतो का ते समोर उभी राहून बघते. आणि सेफ्टी वॉल्व्ह — टाकीत दाब वाढला की पाणी बाहेर सोडून टाकी वाचवणारी ती पितळी वस्तू — ती तर मी दोनदा बघते. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, चालू आहे ना, मग कशाला उघडताय?” मी ऐकत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, उघडायचा म्हणजे उघडायचा. गेल्या बारा वर्षांत माझ्या हातचा एकही गिझर फुटलेला नाही.

त्याआधी एक फुटला.

मला या कामात उभं केलं रशीदचाचांनी. गावातले सगळ्यात जुने प्लंबर. माझ्या हातात पान्हा बघून लोक दार अर्धंच उघडायचे, तेव्हा चाचा स्वतः बरोबर यायचे. “हिला करू द्या,” म्हणायचे, “हिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय.” त्यांच्या शब्दावर मला पहिली घरं मिळाली. त्यातलंच एक सरांचं. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले, घरात ते आणि काकू, दोघंच.

त्या दिवशी काकूंची एकच तक्रार होती. वॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय, फरशी सारखी ओली राहते, तेवढं बंद करून द्या. ते ठिबकणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. वॉल्व्ह खराब झाला असेल, नाहीतर थर्मोस्टॅट अडकत असेल आणि पाणी नको तितकं तापत असेल. टाकी उघडायला हवी होती. नवा वॉल्व्ह नगरहून मागवायला हवा होता. पण मला एका डॉक्टरांच्या घरी पोचायचं होतं — मोठं घर, पहिल्यांदाच बोलावलेलं. मी पिशवीतून एक पितळी बूच काढलं आणि वॉल्व्हच्या तोंडात घट्ट आवळलं. तात्पुरतं. ठिबकणं थांबलं. काकू खूश झाल्या, मला चिवडा दिला. मी कार्डावर ‘सर्व्हिस पूर्ण’ लिहिलं आणि खाली सही केली. सही तेव्हाही मी झोकात करायचे.

तात्पुरतं म्हणजे किती दिवस? चार महिने. मला एकदाही आठवण झाली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी टाकी फुटली. काकू शेजारीच तोंड धूत होत्या. खांद्यापासून कोपरापर्यंत भाजल्या. निरोप आला तशी मी धावत गेले. सर काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते, शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं. बाथरूममध्ये मी एकटीच. भिंतीचा गिलावा उडालेला, टाकी उसवलेली, आणि खाली वॉल्व्हला माझं बूच — तसंच, घट्ट.

मी काय केलं? पान्हा काढला. बूच फिरवून सोडवलं. ओढणीच्या टोकात बांधलं.

तेवढ्यात चाचा आले. खाली बसून त्यांनी सगळं बारकाईनं बघितलं. “वॉल्व्ह तर मोकळा हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “तू उघडून बघितलं हुतंस ना, पोरी? समदं बरोबर हुतं?”

“हो, चाचा.”

एवढंच. दोन शब्द. त्या घरात पाण्याचा प्रेशर पंप चाचांनी थोड्याच दिवसांपूर्वी बसवला होता. ते पाइपांवरून हात फिरवत म्हणाले, “मग दाब माझ्याच लायनीतनं आला.”

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. सरांपुढं हात जोडून उभे राहिले. मी दाराशी होते. ओढणीचं टोक मुठीत होतं. सर रागावले नाहीत, नुसती मान फिरवली. गावात व्हायची ती चर्चा झाली. महिन्याभरात चाचांनी काम सोडलं. “हातावर भरवसा न्हाई ऱ्हायला,” म्हणाले आणि आपली सगळी गिऱ्हाइकं मला दिली, मोठा पान्हासुद्धा दिला. मी घेतला. ज्या नावाचा मला अभिमान आहे, ते त्यांच्या त्या गिऱ्हाइकांवर उभं आहे.

मी नवी होते, बाई होते, माझी चूक कळली असती तर लोकांनी पुन्हा दारात उभं केलं नसतं — हे सगळं खरं. पण ती गाठ बांधताना मला फक्त माझी सही दिसत होती. काकूंचा भाजलेला हात नाही, चाचांनी माझ्यासाठी दिलेला शब्द नाही. माझी सही.

काकू बऱ्या झाल्या. दंडावरचा व्रण राहिला. पुढं दोघं मुलाकडं राहायला गेली.

मागच्या वर्षी चाचांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायचा होता. या माणसानं अर्ध्या श्रीगोंद्याचे नळ बसवलेत. मी वायसर बदलला, ते शेजारी बॅटरी धरून उभे होते. हात जराही हलत नव्हता. काम झाल्यावर त्यांनी शेजारणीला हाक मारून आत बोलावलं. “ही बघा,” म्हणाले, “ही माझी शागीर्द.” असे ताठ उभे होते, की जणू त्यांनाच एखादं बक्षीस मिळालंय. दोन महिन्यांनी ते गेले.

वायसर बदलला त्या दिवशी मी हात पुसले, त्यांनी केलेला चहा प्यायले आणि घरी आले.