काळीज आत्ता चाकणला असंल

चौघं मिळून एखादं काम करायला लागली की पगार वाढो न वाढो, किस्से वाढतात. आमचे तर दर आठवड्याला वाढत होते. मंचरला एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की पहिला कप कामाच्या बोलण्यात जायचा आणि दुसऱ्या कपाला कुणीतरी म्हणायचंच, "ते सांग ना, त्या आजीचं."

आधी काम काय होतं ते सांगते. साल २००३-०४. मी पुण्याहून बीसीएस करून नुकतीच मंचरजवळच्या कळंबला घरी परत आले होते. वर्गातली निम्मी मुलं बंगलोरला गेली. मला मात्र पक्कं वाटत होतं की कॉम्प्युटरने आधी माझ्या तालुक्याचं काहीतरी भलं केलं पाहिजे, आणि ते पुढच्या वर्षी नाही, याच आठवड्यात.

पुण्याच्या एका ट्रस्टने जुन्नरला आणि डिंभ्याला दोन छोटी केंद्रं काढली होती. तिथे पेशंटचा ईसीजी काढायचा, कागद स्कॅन करायचा आणि पुण्यातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरबाईंना पाठवायचा. त्या बघून फोनवर सांगणार, घरी जाऊ द्या, गोळी द्या, की ताबडतोब गाडी करून पाठवा.

ट्रस्टची अट एकच. पेशंटचा कागद परक्याच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून ईमेल नाही आणि सायबर कॅफे तर नाहीच. काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची. फाईल वाटेत कुणालाही वाचता येणार नाही अशा रूपात जायची आणि पुण्याच्या मशीनवर पोचल्यावरच उलगडायची. त्या कमांडचं नाव एससीपी. हे सगळं बसवायचं काम माझं.

जुन्नरच्या केंद्राची काळजी नव्हती. डिंभ्याचं मात्र 'सहा महिने चालवून बघू, नाहीतर बंद' या बोलीवर होतं. तिथली सुजाता सिस्टर पुण्यातली कायमची नोकरी सोडून आली होती. तिचं माहेर धरणापलीकडच्या वाडीतलं. तिकडची माणसं होडीने डिंभ्यापर्यंत यायची, त्यापुढे पुण्यापर्यंत कुणी जायचं नाही. केंद्र बंद पडलं असतं तर सुजाताला पुण्यात पुन्हा नोकरी मिळाली असती. त्या माणसांना डॉक्टर मिळाला नसता.

*

पहिल्याच आठवड्यात डिंभ्याहून फोन.

"मॅडम, कीबोर्ड गेला."

"काय झालं?"

"पासवर्ड टाकतीय, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटंना."

मी समजावलं. पासवर्ड टाकताना दिसत नाही. कुणी मागून बघू नये म्हणूनच तशी सोय आहे.

"मग किती टाकलं आन् किती राह्यलं, ते कसं कळायचं?"

"लक्षात ठेवायचं, सिस्टर."

तिने उपाय काढला. थोड्या दिवसांनी मी डिंभ्याला गेले, तेव्हा ती मशीनसमोर बसली होती आणि मागच्या बाकड्यावर पेशंट दाटीवाटीने बसले होते. चूक नको म्हणून सुजाता एकेक अक्षर मोठ्याने म्हणत दाबत होती. मध्येच कुणीतरी गोळीचं विचारलं. ती थांबली, उत्तर दिलं आणि परत वळून स्वतःशीच म्हणाली, "कुठपत्तुर आले व्हते मी?"

बाकड्यावरच्या आजी पदर सावरत म्हणाल्या, "सात झालं, बाई. आता तू ते मोठं के म्हणती ना, ते."

*

मी त्याच दिवशी पासवर्ड बंद केले. त्याऐवजी प्रत्येक केंद्राला एक गुप्त फाईल दिली, फ्लॉपीवर. फ्लॉपी घातली की पुण्याचं मशीन आपल्याला ओळखणार आणि आत घेणार. मी बजावलं, ही फ्लॉपी कुणाच्याही हाती द्यायची नाही.

जुन्नरचं केंद्र बाळासाहेब बघायचे. घरची द्राक्षबाग, गावात शब्दाला मान, आणि निव्वळ हौसेने कॉम्प्युटर शिकलेले. एकदा न कळवता मी जुन्नरला गेले तर केंद्राला कुलूप. शेजारचा टेलर दुकानातून उठून आला.

"बाळासाहेब भाचीच्या लग्नाला गेल्यात. ही घ्या तुमची फ्लॉपी. केंद्राची चावी पण हाय, आत बसा, मी चहा सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी बाळासाहेबांना धारेवर धरलं. "अहो, ही कुणालाच द्यायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"कुणाला दिली मी?" बाळासाहेब खरंच चकित झाले. "शेजाऱ्याला दिली."

मी जुनी फाईल रद्द केली, नवी दिली, आणि या वेळी त्यांच्याकडून शब्द घेतला. पंधरा दिवसांनी बघते तर बाळासाहेबांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "टेलर बोलत न्हाई माझ्याशी. म्हणतो, आख्खं घर माझ्यावर टाकून गावाला जाता, आन् एक चौकोनी तुकडा देववंना?"

मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. पुढच्या खेपेला गेले तर टेलरच्या शिलाई मशीनच्या वर, खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी. माझा पारा चढला. बाळासाहेबांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"ओरडू नका. मोकळी हाय. आत काय न्हाई."

"मग दिलीत कशाला?"

"त्याच्याकडं काहीतरी पायजे ना, मॅडम."

*

बाळासाहेबांचंच एक आधीचं, सरावाच्या दिवसांतलं. खरे पेशंट अजून यायचे होते. डिंभ्याहून एक फाईल जायला चहा पिऊन व्हायचा, इतकी टेलिफोनची लाइन मंद. आणि जुन्नरहून? बाळासाहेब टिचकी वाजवून दाखवायचे. "एंटर मारला की पुण्यात. आमच्या जुन्नरची लाइनच लई खणखणीत." सुजाताला रोज फोन करून चिडवायचे. "काय सिस्टर, निघाली का तुमची बैलगाडी?"

आठवड्याने डॉक्टरबाईंनी विचारलं, "जुन्नर सुरू कधी होणार?"

मी धावत जुन्नर गाठलं. कमांडमध्ये पुण्याच्या मशीनच्या नावापुढे दोन टिंबं द्यावी लागतात. ती नसली तर कमांड बिचारी फाईलची नक्कल करते आणि त्याच मशीनवर ठेवून देते. बाळासाहेबांनी एकदाही टिंबं दिली नव्हती. आठवडाभराच्या सगळ्या फायली जुन्नरमधून जुन्नरला गेल्या होत्या.

"म्हणजे पुण्याला काहीच गेलं नाही," मी म्हटलं.

बाळासाहेबांनी विचार केला. "बरं. पण झटक्यात गेलं का न्हाई?"

*

डिंभ्याचा बाकडा हा माझा आवडता बाकडा. फाईल जायला लागली की स्क्रीनवर टक्के सरकतात, आणि ते सगळ्यांना दिसायचे. पण टक्क्यांत कुणाला काय रस असणार? सुजाताने त्याला पुण्याचा रस्ता केला. वीस म्हणजे घोडेगाव, चाळीस म्हणजे मंचर, साठला खेड, ऐंशीला चाकण, शंभरला पुणं.

मग पेशंट अंगावर शर्ट चढवत विचारायचा, "सिस्टर, माझं काळीज कुठवर आलं?"

"आत्ता चाकणला असंल."

सगळ्यांना बरं वाटायचं. घोडेगावपलीकडे कधी न गेलेल्या बाया आपलं काळीज भोसरीला पोचलं म्हणून हसायच्या.

लाइन मात्र हटकून साठाच्या आसपास तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. एक म्हातारे बाबा तीनदा तुटल्यावर म्हणाले, "बरोबर हाय. खेडच्या घाटात आमची एसटी पण अशीच बसती."

मी चिडून कामाला लागले आणि दुसरी कमांड बसवली. आरसिंक तिचं नाव. वाट तीच सुरक्षित, पण लाइन तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे पाठवते. बाबा पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांच्यासमोर लाइन खेडला तुटली, सुजाताने परत लावली आणि आकडा खेडपासूनच पुढे सरकला. बाबा बघत राहिले. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"पोरी," ते म्हणाले, "ही कमांड एसटीला का न्हाई बसवत?"

*

आता सहा महिने संपतानाची गोष्ट.

पुण्याच्या मशीनशी पहिल्यांदा जोडताना आपलं मशीन विचारतं, समोरचा ओळखीचा नाही, जोडायचं का? सोबत आकड्या-अक्षरांची एक रांग दाखवतं. ती समोरच्या मशीनची खूण. जग ती रांग न वाचता येस टाकून मोकळं होतं. आम्ही ठरवलं होतं की डॉक्टरबाईंनी फोनवर खूण वाचायची, इकडे जुळवायची, मगच येस. तोतया मशीन मध्ये बसलं तर कागद त्याच्याच हाती जाणार. सुजाताला हे शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "पोरीला स्थळ आलं तर धा जणांला इचारतो आपण. ही तर पेशंटची छाती हाय."

शेवटच्या दिवशी ट्रस्टची मंडळी पुण्यात डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलात जमली. डिंभ्याहून खऱ्या पेशंटची फाईल येताना बघायची आणि केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायचं, असा बेत. मी पण तिथेच. नेमकं डॉक्टरबाईंना एका पेशंटसाठी वरच्या मजल्यावर बोलावणं आलं.

अकरा वाजले. फाईल येईना. तेवढ्यात डिंभ्याहून सुजाताचा फोन आला. केंद्राची लाइन मशीनला लावलेली असायची, म्हणून शेजारचा एसटीडीवाला अशा वेळी खिडकीतून रिसीव्हर आत द्यायचा. अध्यक्षांनी स्पीकर लावला.

"साहेब, पुण्याचं मशीन बदललंय. माझं मशीन सांगतंय, हा पहिला गडी न्हाई."

हॉस्पिटलचा टेक्निशियन म्हणाला, "हो, कालच नवीन बसवलं. सांगायचं राहिलं. जुनी खूण काढा आणि येस टाका."

"तुमी कोण?"

"मी इथला टेक्निशियन."

"असाल, भाऊ. पण तुमचा आवाज माझ्या ओळखीचा न्हाई. डॉक्टर मॅडमला द्या."

"मी ट्रस्टचा अध्यक्ष बोलतोय," अध्यक्ष म्हणाले. करडा माणूस, सफारी घातलेला, उलट उत्तराची सवय नसलेला.

"नमस्कार साहेब. डॉक्टर मॅडमला द्या."

"त्या पेशंटकडे आहेत. तुमचं केंद्र ठेवायचं की नाही ते आज इथे ठरणार आहे, कल्पना आहे ना?"

मी बोलायला पुढे झाले, तर अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं.

सुजाता म्हणाली, "हाय ना कल्पना. पण कागद पेशंटचा हाय. ते इथंच बसल्यात. त्यांना इचारू का, अनोळखी मशीनवर धाडू का म्हून?"

मागून कुणाचा तरी जाड आवाज आला. "इचारायचं काय त्यात? साहेबाला म्हणावं बसा. मी पण बसलोय."

अध्यक्ष बसले. सगळेच बसले. पाऊण तासाने डॉक्टरबाई आल्या आणि टेक्निशियनला हाताशी धरून मशीनची खूण वाचायला लागल्या. सुजाताने एकेक अक्षर तिकडून परत म्हणून घेतलं, एक जोडी दोनदा वाचायला लावली, मग येस टाकलं. फाईल आली. तोपर्यंत मंडळी जेवायला उठली होती. अध्यक्ष मला एवढंच म्हणाले, "निर्णय कळवू."

मी सुजाताला फोनवर सांगितलं, "सिस्टर, साहेब चिडलेत."

"चिडू द्या. डॉक्टर मॅडम काय म्हणल्या? पेशंटला घरी जाऊ देऊ का?"

महिना झाला, ट्रस्टकडून ना पत्र ना फोन. मी मनातल्या मनात डिंभ्याचं सामान बांधायला घेतलं होतं. एकदा सकाळी स्कूटीवरून डिंभ्याला पोचले, तर केंद्राच्या दारात पुण्याच्या नंबरची पांढरी गाडी. पायरीवरून अध्यक्ष उतरत होते. एकटेच. सफारीची वरची बटणं लावत.

मला बघून ते थबकले.

"भीमाशंकरला निघालो होतो," ते म्हणाले. "वाटेत डोकावलो."

मी मान डोलावली. ते गाडीत बसले, मग काच खाली केली.

"बाकड्यावरून आतलं सगळं दिसतं. एक चांगला जाड पडदा लावून घ्या. बिल ट्रस्टला पाठवा, दर वर्षीच्या खर्चात धरू."

आणि गाडी वळून घोडेगावकडे, पुण्याच्या दिशेने निघून गेली.

मी धावतच आत गेले. सुजाता मशीनसमोर होती. स्क्रीनवर नव्वद टक्के झाले होते. मी वाकले, तशी तिने आपली खुर्ची सरकवून स्क्रीन झाकला.

"सिस्टर, अध्यक्ष कशाला आले होते?"

"कोण अध्यक्ष?" सुजाता म्हणाली.