चुकीच्या समुद्राचा नारळ

उचगावातली आमची गल्ली लोक वासावरून ओळखतात. मला त्याचा राग येत नाही, उलट ऐट वाटते. कारण सुरुवातीला त्या वासाचं इथं एकच बिऱ्हाड होतं, आमचं.

आई-बाबा मालवणकडच्या एका वाडीतून सुक्या माशांच्या टोपल्या घेऊन एसटीनं घाट चढून आले. मटणावर जीव टाकणाऱ्या गावात मासे विकायचे! गिऱ्हाईक विचारायचं, "ह्येचा तांबडा रस्सा हुतोय का?" आई वैतागून बाबांना म्हणायची, "माका हय रवाचा नाय." बाबा मान डोलवायचे आणि सकाळी परत टोपली भरायचे. मग मावशी आली, तिच्यामागून बाबांचे चुलतभाऊ आले, एकेक खोली वाढत गल्ली झाली. ताज्या माशांचा टेम्पो रोज घाट चढायला लागला. आता राजारामपुरीतले डॉक्टरसुद्धा रविवारी सुरमईसाठी येतात आणि आईशी घासाघीस करायची त्यांची छाती होत नाही.

एवढं होऊनही पंचगंगेला आई 'तुमची नदी'च म्हणायची. नारळी पौर्णिमेला मात्र सगळी गल्ली घेऊन तिथंच जायची. त्या सुमारास तिकडे मालवणकडं मामा होडी समुद्रात घालतो. धंदा सोडून राखी बांधायला जाणं तिला जमायचं नाही, म्हणून ती नदीत नारळ सोडायची. नदी समुद्राला मिळते, म्हणजे नारळ भावाला पोचतो, असा तिचा हिशेब. पहिल्या वर्षी एका पैलवानानं पाण्यात उडी मारून नारळ परत आणला होता. "पावणं, तुमचा नारळ वाहून चाललाय की!" आईनं त्याला असा झाडला की तो बिचारा नारळ छातीशी धरून उभाच राहिला.

गेल्या वर्षी माझ्या भावाचं लग्न झालं. वहिनी कुरुंदवाडची, नदीत जाळी टाकणाऱ्या घरातली. तिच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला आईनं नारळ सोडला आणि हात जोडले. "जा बाबा, माझ्या भावाकडं."

वहिनी पटकन बोलून गेली, "आत्याबाई, त्यो तिकडं न्हाय जायचा. हे पाणी आमच्या कुरुंदवाडला कृष्णेत मिळतंय. मग कर्नाटक, आंध्र, आणि पार त्या अंगाचा समुद्र."

शाळेत आम्हीही हे शिकलो होतो, पण नारळाचा आणि भूगोलाचा संबंध कुणी लावला नव्हता. आई मटकन पायरीवर बसली. "म्हणजे एवढी वर्षं माझ्या भावाला काहीच पोचलं न्हाय?"

मला रडूच आलं. वहिनीचं तोंड तर माझ्याहून जास्त उतरलं होतं. मावशीनं तिथूनच मामाला फोन लावून आईच्या कानाला धरला. "मी बरो आसंय गो," मामा ओरडला, "होडी पण बरी आसा!"

आईनं पाण्याकडे बघितलं. नारळ केव्हाच दिसेनासा झाला होता. मग तिनं वहिनीला विचारलं, "त्या अंगाला बी होड्या असतील न्हवं?"

"असतील की."

"मग त्या होडीवाल्यांच्या बी बहिणी कुठंतरी लांब राहत असतील." आई पदर झटकून उठली. "पुढच्या वर्षी माझ्या भावाचा नारळ टेम्पोतनं धाडा. आपल्या नदीतला त्यांच्या भावांना."