लढाऊ विमानाला रॉकेलचं इंजिन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिसकन हसलेलं मला चालत नाही. फजिती माझी आहे, तेव्हा ती मीच सांगणार आणि माझ्याच पद्धतीनं सांगणार!

अमळनेरात त्या काळी शेतावरचं इंजिन बंद पडलं, की लोक दोनच ठिकाणी धावायचे. आधी देवळात, मग माझ्याकडे. देवळात उगाच वेळ जायचा. नवरा गेला तेव्हा मागे दुरुस्तीचं दुकान सोडून गेला, आणि मला तर अक्षरओळखही नव्हती. दुकान विका, असं अर्ध्या गावानं सांगितलं. मी इंजिनाची माहितीपुस्तकं पुढ्यात घेऊन बसले. लोक ‘क कमळाचा’ शिकतात, मी ‘क कार्ब्युरेटरचा’ शिकले. वर्षभरात नुसत्या ठोक्यावरून सांगायला लागले, की व्हॉल्व्ह बिघडलाय की मालकाची अक्कल. एवढं सगळं आपलं आपण शिकलेल्या बाईला थोडा गर्व असणारच ना? थोडाच होता. दुकानात मावेल इतका.

माझा धाकटा भाऊ नाना मात्र वेगळ्याच मातीचा. चित्रकलेचा मास्तर. आवाज इतका मऊ, की शाळेतली पोरं त्याला घाबरायची नाहीत, त्याची काळजी घ्यायची. निवृत्त झाला आणि त्याचं घरात मन लागेना. सकाळी उठून शाळेची पिशवी खांद्याला लावायचा, फाटकापर्यंत जायचा, तिथून परत फिरायचा. मला ते बघवायचं नाही.

मग त्यानं विमान बांधायला घेतलं.

खेळणं नव्हे हो! दोन्ही पंख धरून नऊ फूट. जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती. बांबूच्या कामट्या, पातळ प्लायवूड, वरून ताणलेलं रेशीम. आपण जमिनीवर उभं राहायचं आणि हातातल्या रेडिओच्या पेटीनं ते आकाशात फिरवायचं. ती पेटी माझ्या थोरल्यानं आखातातून पाठवली होती. दोन वर्षं नाना खपला. शेपटीवरचा एकेक खिळा त्यानं रंगवून काढला.

शाळेचे हेडमास्तर एकदा बघायला आले आणि थक्क झाले. म्हणाले, “नाना, सव्वीस जानेवारीला आपल्या मैदानावर उडवा. उडालं, तर मागची रिकामी खोली तुमची. पोरांना विमानं शिकवा. पण उडायला हवं बरं का, नाहीतर समितीला मी काय सांगू?”

त्या रात्री नाना जेवलाच नाही, आनंदानं. पुन्हा शाळेत जायला मिळणार होतं त्याला. आता फक्त एकच गोष्ट राहिली होती. इंजिन!

आणि इंजिन म्हटल्यावर मी गप्प बसेन? तुम्हीच सांगा!

नानानं आपल्या परीनं शोधून ठेवलं होतं. कपाशीवर औषध मारायचा पेट्रोलचा पंप असतो ना, पाठीवर अडकवून फिरतात तो? त्याचं इंजिन. उचललं तर एका हातात आलं.

“हे?” मी म्हटलं. “नाना, हे बोंडअळी मारायचं इंजिन आहे!”

“अक्का, पण हलकं आहे गं. आराखड्यात लिहिलंय, पाच किलोच्या वर जाऊ नये.”

“आराखडा कुणी लिहिला?”

“इंग्रजांनी.”

“त्यांच्या विहिरी कधी बघितल्यास? त्यांना काय कळतंय इंजिनातलं! अरे, लढाऊ विमान ना हे? मग छाती नको का त्याला?”

आता माझी चूक कुठे झाली, ते नीट ऐका. आमच्या खानदेशात इंजिन कसं निवडतात? शेतकरी दुकानात येतो, इंजिनाला दोन्ही हात घालतो, उचलून बघतो. उचललं गेलं, तर नाक मुरडून खाली ठेवतो. नाही उचललं, तर म्हणतो, “हां, हे चालंल.” जड चाक म्हणजे दमदार ठोका. जड बिडाचं ओतीव लोखंड म्हणजे वीस वर्षांची निश्चिंती. हलकं इंजिन आम्ही पाहुण्याच्या विहिरीलासुद्धा सुचवत नाही. आयुष्यभर मी असंच निवडत आले, आणि एकदाही चुकले नव्हते. पण यातलं एकही इंजिन आकाशात जायचं नव्हतं, हा एवढासा मुद्दा तेवढा माझ्या ध्यानात आला नाही.

मी दुकानातून माझं लाडकं इंजिन काढलं. नाल्याचं पाणी उपसायचं, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं. सोलून, तासून, नको ते काढून उरलं चौदा किलो.

नानानं ते बघितलं आणि डोळे मिटले. “अक्का, हे जड होईल.”

“इंजिन कुणाला कळतं? तुला का मला?”

“तुला,” नाना म्हणाला. लहानपणापासून त्याला हेच उत्तर पाठ.

इंजिन बसवलं. हात सोडला. विमान नाकावर आपटलं, शेपटी वर! साष्टांग नमस्कार घातल्यासारखं.

“बघ, पुढे जड झालं,” नाना म्हणाला.

“मग मागे वजन लाव! सोपं तर आहे.” मी शेपटीत शिसं ओतलं.

तोल झाला, पण खालची चाकं फाकली. मी ती काढून लहान मुलांच्या तीनचाकी सायकलची बसवली. ती टिकली, तर पंख मध्येच लचकायला लागले. पंखांत लोखंडी अँगल घातले. त्या अँगलनी बांबू फाटायला लागला म्हणून पट्ट्या मारल्या, पट्ट्यांना नटबोल्ट लावले. मला दम कुठला! पहाटे उठायचं, दात घासता घासता नानाच्या ओसरीवर जायचं आणि काहीतरी ठोकायचं. नाना कडेला उभा. बिचाऱ्यानं एकदाच विचारलं, “अक्का, माझं विमान आत कुठे आहे गं?”

“आतच आहे. मजबूत होतंय!”

सुताराकडून नाकावरचा सागवानी पंखा करून घेतला आणि विमान दोरखंडानं कडुनिंबाला बांधून इंजिन सुरू केलं. काय वारा सुटला म्हणून सांगू! शेजारणीच्या वाळत घातलेल्या मिरच्या तिसऱ्या अंगणात गेल्या. तिची कोंबडी मात्र खरंच उडाली. मी म्हटलं, “बघ नाना! ताकद बघ!”

सव्वीस जानेवारी उजाडली. विमान चौघांना उचलेना, म्हणून बैलगाडी बोलावली. गाडीवाला आमच्या ओळखीतला म्हातारा, अस्सल अहिराणी बोलणारा. चढावर त्यानं बैल थांबवले आणि मागे वळून म्हणाला, “काय व अक्का, हाई बठ्ठं लोखंडच शे! मना बैल दमी ग्यात, हाई वर कसं जाई?”

“तू गाडी हाक,” मी म्हटलं. “बैलांचं मत कुणी विचारलं नाही.”

मैदानावर सगळी शाळा बसलेली. झेंडावंदन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं. नाना पेटी घेऊन उभा. मी पदर खोचला, दोरी गुंडाळली, खेचली. पहिल्याच झटक्यात सुरू! धाड धाड धाड धाड! पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मान वर करून चारी दिशांना बघितलं, कोण कोण बघतंय ते.

विमान निघालं. हळूहळू, मग जोरात, मग अजून जोरात. नाना ओरडला, “आता!” आणि पेटीवरची काठी ओढली.

विमानानं काय केलं? काही नाही. धावत राहिलं. मैदान निम्मं संपलं, तरी धावतंच होतं. पुढे खो-खोचं मैदान होतं, माती भुसभुशीत. तिथे चाकं रुतली, पण माझं इंजिन ते! थांबतंय कशाला? माती उपसत, रॉकेलचा काळा धूर सोडत, नांगरासारखं सरळ तास काढत ते दुसऱ्या खांबापर्यंत गेलं आणि तिथे पंखा मोडल्यावर एकदाचं शांत झालं. पोरं खोकतायत, पाहुणे नाकाला रुमाल लावून बसलेत.

हेडमास्तर तासाकडे बघत म्हणाले, “अक्का, नांगरट चांगली झाली. पेरणीचं कधी धरताय?”

सगळी शाळा हसली. नाना हसला नाही. तो मोडक्या पंख्याचे तुकडे वेचत होता, एकेक करून, खिशात.

हेडमास्तर माणूस भला. नानाला बाजूला घेऊन म्हणाले, “परीक्षा लागायच्या आत अजून एकदा बघा. त्यानंतर मात्र ती खोली सामान ठेवायला जाईल.”

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? गप्प बसेल. मी घरी येऊन म्हटलं, “नाना, चूक सापडली. ताकद कमी पडली! याहून मोठं बसवू. पंचवीस किलोचं एक आहे माझ्याकडे.”

नानानं खिशातले पंख्याचे तुकडे काढून ओळीनं मांडले. मग म्हणाला, “राहू दे अक्का. विमानाचं आता पुढच्या वर्षी बघू.”

मला कसंसंच झालं. खोटं कशाला बोलू? त्यानंतरचे दिवस माझं दुकानात लक्ष लागेना. पाना हातात घ्यायचे, ठेवायचे, पुन्हा घ्यायचे. एका गिऱ्हाइकाचं चालू इंजिन मी उघडून ठेवलं. नानाच्या घराकडे पाय वळायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे.

पंधरा दिवसांनी एका शनिवारी नाना आपण होऊन दुकानात आला. “अक्का, एक काम होतं. पिंपळनेरला माझे एक स्नेही आहेत, आबा म्हणतात त्यांना. विहिरीवर नवं इंजिन घ्यायचंय. म्हणाले, अक्कांनी निवडलं तरच घेईन. उद्याच बोलावलंय.”

माझी छाती अशी फुगली! म्हणजे माझ्या नावाला अजून किंमत होती. रविवारी पहिल्या एसटीनं निघाले. धुळ्याला गाडी बदलली, साक्री मागे टाकली, आणि पिंपळनेरला उतरले तेव्हा आबा स्वतः स्टँडवर हजर.

“चला, इंजिन बघू,” मी म्हटलं.

“आधी चहा घ्या, अक्का.”

चहा झाला. “चला.”

“आधी नाश्ता.”

नाश्ता झाला. “दुकानदार जरा बाहेर गेलाय, अक्का. तोवर आमची पेरूची बाग बघा.” बाग बघितली. “आता जेवूनच निघू.” जेवले. “जरा पडा.”

“अहो, मी पडायला आलेय का?” मला बसवेना. ओट्यावरून उतरायचे, रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे. आबा सावलीसारखे मागे मागे. इतक्यात कानावर आवाज आला. ठक ठक ठक ठक. गोड, एकसारखा ठोका. मी आवाजाच्या रोखानं निघाले. आबा धावले, “अक्का, तिकडे नको, तिकडे काटे आहेत!” काट्यांना मी कधी भ्यायले? बघते तर विहीर, आणि विहिरीवर करकरीत इंजिन पाणी ओढतंय.

“हे कुणाचं?”

“आमचंच.”

“मग नवं कशाला?”

आबा एकदा विहिरीत बघतायत, एकदा आभाळात. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, “अहो, सांगून टाका ना. किती पेरू खायला घालणार आहात त्यांना? अक्का, नानाभाऊंची चिठ्ठी आली होती. तुम्हाला दुपारच्या गाडीआधी सोडू नका म्हणून.”

“का?”

आबांनी माझ्या हातात पेरूंची पिशवी दिली आणि स्टँडची वाट धरली.

अमळनेरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी स्टँडवर पाय ठेवते न ठेवते, तोच शेंगावाला ओरडला, “अक्का, होतात कुठे? अख्खं गाव मैदानावर होतं! नानांचं विमान उडालं की! शाळेला तीन चकरा मारून घारीसारखं उतरलं!”

मी तशीच तणतणत नानाकडे गेले. ओसरीवर विमान उभं होतं, पहिल्यासारखं नाजूक. नाकात तेच बोंडअळीवालं इंजिन. आणि नाना? शाळेची पिशवी भरत होता. खोलीची किल्ली त्यानं गळ्यात घातली होती.

“मला पिंपळनेरला का धाडलंस?” मी गरजले. “खरं सांग!”

तो घाबरला नाही. जन्मात पहिल्यांदाच.

“अक्का, तुझं इंजिन उतरवलं. शिसं उतरवलं. अँगल, पट्ट्या, नटबोल्ट, सायकलची चाकं, सगळं उतरवलं. तरी हे उडेल, असं मनाला पटेना. मग लक्षात आलं, एक वजन अजून राहिलंय. ते काल दुकानात येऊन तयार केलं, आज पहाटेच्या गाडीत बसवलं, आणि अकरा वाजता विमान वर गेलं.”

म्हणजे मी वजन! बरं, त्याचंही दुःख नाही मला. झोंबलं ते दुसरंच. पिंपळनेरचं जातायेतानाचं तिकीट मी स्वतःच्या पदरचं काढलं होतं, आणि वर आबांच्या पोरांसाठी पेढेसुद्धा नेले होते!